'रेग्युलराइज' म्हणजे नियमित करणे?

महापालिकेच्या एका इंग्रजी नोटिशीचा अनुवाद करतोय. वाढीव बांधकाम 'रेग्युलराइज' करून घ्या, असं त्यात आहे. 'बांधकाम नियमित करा' लिहिलं तर रोज थोडं थोडं बांधत जा, असं वाटतंय! दुसरा शब्द आहे का?

— शंका रास्त आहे. 'नियमित' म्हटलं की आपल्याला आधी सातत्य आठवतं: नियमित व्यायाम, नियमित हप्ते. इथे मुद्दा वेगळा आहे. काम आधीच होऊन गेलेलं असतं, परवानगी नसते. मागाहून शुल्क आणि दंड भरून ते कायद्यात बसवून घ्यायचं. शेतजमिनीचे गुंठे पाडून उभ्या राहिलेल्या वस्त्यांसाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला, त्याच्या नावातच 'नियमाधीन करणे' आहे. सरकारी मराठीत असे नेमके शब्द क्वचित सापडतात, तेव्हा तो जरूर उचला. अतिक्रमणांच्या शासन निर्णयांत 'नियमानुकूल करणे' असतं, तेही चालेल. लोक मात्र सरळ 'प्लॉटची गुंठेवारी करून घेतली' म्हणतात.

— आणि कंत्राटी कामगाराला रेग्युलराइज केलं, तर तो 'कायम' झाला ना?

— बोलताना तसंच म्हणतो आपण, पण कायद्यात हे दोन्ही एक नाहीत. उमादेवी खटल्यात (१० एप्रिल २००६) सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा फरक स्पष्ट केला. रेग्युलराइज करणं म्हणजे नेमणुकीच्या पद्धतीत राहिलेली त्रुटी दूर करणं. नोकरी कायम आहे की तात्पुरती, हे त्यातून ठरत नाही. शिवाय नेमणूक मुळातच बेकायदा असेल, तर ती अशी सुधारता येत नाही. म्हणून माणसाच्या बाबतीत 'नेमणूक नियमित करणे' आणि 'सेवेत कायम करणे' वेगळं ठेवावं. इथे 'नियमाधीन' कानाला खटकतं, 'नियमित'च बरा.

— 'रेग्युलेट'ची गल्लत नको. रिझर्व्ह बँक बँकांचं नियमन करते, ते चालू कारभारावरचं नियंत्रण.

— आभार. असं लिहितो: 'सदर वाढीव बांधकाम विहित शुल्क भरून नियमाधीन करून घ्यावे.'

— छान. 'सदर' तेवढं काढा, 'हे' पुरतं.