यंदा दहावी, खो-खो बंद करू का?

ए-१०२ (ताई): सगळ्यांना एक विचारायचं होतं. आमच्या मुलीचं शाळेच्या खो-खो टीममध्ये सिलेक्शन झालंय, गणपतीनंतर तालुक्याच्या मॅचेस आहेत, पण यंदा दहावी म्हणून घरात सगळे म्हणतायत बंद कर. ग्रुपवर आपल्या दापोलीच्या ए. जी. हायस्कूलचे, म्हणजे तिच्याच शाळेचे, जुने विद्यार्थी आहेत म्हणून विचारते

सी-२०४: बंद करा वहिनी. बोर्डाचं वर्ष परत येत नाही, खेळ काय नंतरही आहेच

बी-३०१ (काका): नंतर कुठला हो. १७ वर्षांखालचा गट संपला की संपला. आणि ती शाळा काय आजची नाही, आमचे वडील शेवटपर्यंत तिला मिशन हायस्कूलच म्हणायचे. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे इथेच शिकले, पुढे १९६३ ला भारतरत्न. साने गुरुजी पालगडचे, तेही इथलेच. पाहुणे आले की आपण ही नावं सांगतो आणि सांगायलाच हवीत, पण त्याच शाळेच्या लाल मातीवर गुडघे फोडून घेतलेल्या पोरींबद्दल कोणी चार शब्द बोलत नाही याचं मला फार वाईट वाटतं

डी-१०३ (मावशी): काका मी त्यातलीच एक 🙏 आमच्या वेळी बूट नव्हते, अनवाणीच पळायचो. खो-खोला लागतं काय, दोन खुंट आणि चुन्याच्या रेघा, म्हणून तर खेड्यातल्या पोरी खेळू शकल्या. तिघींची तुकडी आत जायची, मी शेवटची. आठ जणी पाटीवर बसलेल्या, एकीचं तोंड इकडे एकीचं तिकडे, आणि पाठीमागे लागलेलीला मधली रेघ ओलांडता येत नाही, मागे वळता येत नाही, मग एकेरी साखळी धरून, म्हणजे बसलेल्या एकेकीच्या मधून नागमोडी पळत, तिला दमवायचं आणि खुंटापाशी अंग चोरायचं. ते डोकं चालवणंच असतं हो, नुसतं पळणं नाही. दहावीला घरच्यांनी सोडायला लावलं. मार्क काही वाढले नाहीत, संध्याकाळी पुस्तक उघडं ठेवून मैदानावरचा 'खो' ऐकत बसायचे

सी-२०४: मावशी ते खरं पण त्यात करिअर आहे का

बी-३०१ (काका): जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या मुली आणि मुलगे दोघंही जिंकले, आणि दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. पण तेवढ्यासाठी खेळू दे असं नाही म्हणत मी. तिला आवडतंय, तब्येत चांगली आहे, सरांनी निवडलंय, एवढं पुरे आहे

ए-१०२ (ताई): खरं सांगू का, मला गणिताची भीती वाटते. प्रॅक्टिसवरून येते ती दमून झोपते

डी-१०३ (मावशी): मग गणिताचं बघूया ना, खेळ कशाला काढायचा. रात्री जेवून आठला माझ्याकडे पाठव, मी रोज तासभर बसवते. रविवारी दोन तास

बी-३०१ (काका): आणि पावसात अंधार लवकर पडतो, प्रॅक्टिस सुटली की मी स्कूटरवरून आणतो तिला, मला नाहीतरी बाजारात जायचंच असतं

सी-२०४: बरं बाबा. तालुक्याची मॅच कधी ते टाका ग्रुपवर, आम्ही पण येऊ बघायला

ए-१०२ (ताई): ती शेजारी बसून सगळं वाचतेय. मावशी, आज आठला पाठवू का?

डी-१०३ (मावशी): पाठव गो. वही नवीन घेऊन ये म्हणावं