शब्दचर्चा: नायट्रसच्या बाटलीवर 'ज्वलनशील' की 'ज्वालाग्राही'?

रामबाग, इंदूर: नायट्रस किटच्या (इंजिनात नायट्रस ऑक्साइड वायू सोडून ताकद वाढवणारा संच) माहितीपत्रकाचं मराठी चालू आहे. रोज वापरातली १.८ लिटरची पेट्रोल गाडी, ५० हॉर्सपॉवरचा शॉट (म्हणजे तेवढी जादा ताकद), वेट किट (नायट्रससोबत जादा पेट्रोलही सोडणारं). इशाऱ्यात 'ज्वलनशील वायू' लिहिलं होतं. पुण्याच्या मुद्रितशोधकाने 'ज्वलनशील ही हिंदी' म्हणून 'ज्वालाग्राही' केलं. ठेवायचं काय?

पागनीसपागा, इंदूर: दोन्ही काढा. नायट्रस स्वतः पेटतच नाही. इंजिनातल्या उष्णतेने त्याचं विघटन होतं आणि ऑक्सिजन मोकळा होतो. वजनाने ३६ टक्के ऑक्सिजन, हवेत २३. म्हणून इंजिनाच्या त्याच सिलिंडरमध्ये जास्त पेट्रोल जाळता येतं, सगळी ताकद त्या पेट्रोलची. ज्वालाग्राही वायूची पाटी लाल असते. याला पिवळी पाटीही असते, वर्तुळावर ज्वाला काढलेली. 'ज्वलनपोषक' लिहा.

लष्कर, ग्वाल्हेर: 'शील' हिंदी कधीपासून झालं? सहनशील, क्रियाशील पुण्यात चालतात ना? टँकरवर आमच्याकडे 'ज्वलनशील', महाराष्ट्रात 'ज्वालाग्राही', अर्थ एकच. आणि 'ज्वलनपोषक' कोणाच्या तोंडी आहे? शाळेच्या पुस्तकातलं 'ज्वलनास मदत करणारा' पुरे की.

मांडवी, बडोदा: तोंडी नसेल, पण फरक हाताला लागतो. 'ज्वालाग्राही' वाचणारा काडी लांब ठेवेल आणि बाटलीच्या जोडाला खुशाल ग्रीस फासेल. तेल-ग्रीस तिथे अजिबात नको. चुडीच्या (आट्यांच्या) जोडाला टेफ्लॉनची पेस्ट, तीही पहिल्या दोन चुड्या सोडून. टेप नको, तिचे तुकडे सॉलेनॉइडमध्ये (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) अडकतात. फ्लेअर जोडाला (धातूवर धातू घट्ट बसतो तो) काहीच लावायचं नाही.

सराफा, इंदूर: सरळ 'हास्यवायू' लिहा, जुना मराठी शब्द आहे.

पागनीसपागा: आणि कोणी हुंगायला बसलं तर? गाडीसाठीच्या नायट्रसमध्ये बऱ्याचदा मुद्दाम सल्फर डायऑक्साइड मिसळतात, तेवढ्याचसाठी. भूल देणाऱ्या डॉक्टरांचा निळा सिलिंडर वेगळा. 'नायट्रो'ही नको, टायरवाला नायट्रोजन भरून देईल, भिया.

रामबाग, इंदूर: बरं. पुढे 'लीन मिक्स्चर'साठी 'विरळ मिश्रण' केलंय.

मांडवी, बडोदा: 'विरळ' म्हणजे सगळंच कमी असं वाटतं. इथे ऑक्सिजन भरपूर, पेट्रोल कमी. पेट्रोलचं सॉलेनॉइड अडकलं आणि नायट्रसचं उघडलं की नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून इंजिन ठोकणं) सुरू, आणि पिस्टनची रिंगांमधली कड तुटते. म्हणून पेट्रोलचा दाब पडला की नायट्रस तोडणारा प्रेशर स्विच हवाच. साधं 'पेट्रोल कमी पडणं' लिहा.

लष्कर, ग्वाल्हेर: मग 'रिच'ला 'पेट्रोल जास्त होणं'? परिभाषा म्हणून काही चीज असते. विरळ आणि समृद्ध हे रुळलेले शब्द आहेत.

पागनीसपागा: रुळलेले परीक्षेच्या पेपरात. गॅरेजात लीन आणि रिचच म्हणतात, तेच ठेवा. त्यापेक्षा आकडे नीट द्या: नायट्रस ३००० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) वर आणि एक्सलरेटर पूर्ण दाबलेला असेल तरच; रेव्ह लिमिटरच्या (फेऱ्यांना लगाम घालणारी मर्यादा) ३००-४०० आरपीएम आधी बंद. खालच्या आरपीएमला सोडला तर सिलिंडरमधला दाब एकदम चढतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. वेट किटमध्ये मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) पेट्रोल साचून भडकाही उडतो. ५० च्या शॉटला ठिणगीचं टायमिंग दोन अंश मागे, स्पार्क प्लग एक नंबर थंड, गॅप ०.९ मिलिमीटरच्या आत.

सराफा: 'थंड प्लग' वाचून कोणी फ्रिजमध्ये ठेवेल!

मांडवी, बडोदा: थंड म्हणजे टोकाची उष्णता लवकर हेडला देणारा. एक ओळ घाला, शब्द बदलू नका. खरा घोळ 'क्रिटिकल टेंपरेचर'चा. 'धोक्याचं तापमान' करू नका, 'क्रांतिक तापमान' असा शब्द आहे. नायट्रसचं ३६.४ अंश. त्याच्या वर बाटलीत द्रव उरतच नाही, मग जेटचा (नायट्रस मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राचा) हिशोब कोसळतो. इंदूरला मे महिन्यात बाहेरच ४० होतं, बंद डिकीत किती ते सांगायला नको. ३० अंशांना दाब ९०० पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) आसपास असतो, तोच हवा. जानेवारीच्या पहाटे १० अंशांना ५८० वर येतो, नायट्रस कमी जातो, गाडी रिच चालते. तेव्हा प्रेशर स्विचवाला हीटर, टॉर्चची ज्योत कधीही नाही.

सराफा: पीएसआय म्हटलं की आम्हाला फौजदार आठवतो.

पागनीसपागा: तोही येईल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. पत्रकात स्पष्ट लिहा: वापर बंदिस्त ट्रॅकवर, रस्त्यावर बाटली बंद, उन्हाळ्यात डिकीतून बाहेरच. बाटलीच्या सेफ्टी डिस्कची (दाब फार वाढला की फुटणारी चकती) नळी गाडीबाहेर काढा, डिस्क फुटली तर गॅस केबिनमध्ये नको.

लष्कर, ग्वाल्हेर: 'बाटली बंद' म्हणजे काय बंद? व्हॉल्व्हला मराठीत 'तोटी' का नाही लिहीत?

मांडवी, बडोदा: कारण बंद करायच्या दोन जागा आहेत. बाटलीवरची हाताने फिरवायची आणि इंजिनाजवळचं सॉलेनॉइड. दोन्हींना तोटी म्हणालात तर वाचणारा सॉलेनॉइडचा स्विच बंद करून निघेल आणि मधल्या नळीत पूर्ण दाब तसाच राहील. बाटली बंद केली की पर्ज (नळीतला गॅस बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) दाबून नळी रिकामी करायची, मगच जोड सोडायचा. उणे ८८ अंशांना उकळणारा द्रव आहे, बोटं गोठतील.

लष्कर, ग्वाल्हेर: मग 'हाततोटी' आणि 'विद्युत्तोटी' करा.

सराफा: आणि पर्जला 'रेचक'?