पार्किंगमधली दोन पिल्लं फॉस्टरला घेतोय. पहिले दोन आठवडे कसे काढायचे आणि घर कसं शोधायचं?

कोथरूडकर_७
पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन पिल्लं आहेत, एक नर, एक मादी. आई चार दिवस दिसलेली नाही. वॉचमनकाका म्हणतात दोन महिन्यांची असतील. मादी जरा मलूल आहे. घर वन बीएचके, घरी सात वर्षांची कुत्री आहे, तिच्या लसी वेळेवर झाल्यात. चांगलं घर मिळेपर्यंत दोघांना सांभाळायची तयारी आहे. आधी काय, नंतर काय, ते सांगा. आणि दत्तक घेणारा माणूस पारखायचा कसा?

निंबोळी
वय कुणाच्या सांगण्यावर धरू नका, दात बघा. ओठ हलकेच वर करा. सुळे आणि मागच्या दुधाच्या दाढा सगळ्या आल्या असतील तर आठ आठवड्यांच्या आसपास. दाढा अजून अर्ध्यामुर्ध्याच असतील तर त्याहून लहान. अंगावरून अंदाज बांधाल तर फसाल, जंतांनी फुगलेलं पोट पिल्लाला गुटगुटीत दाखवतं.

तोंड उघडलंच आहे तर हिरडीही बघा. गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडा, पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हिरडी मुळातच पांढुरकी असेल तर बहुधा जंत किंवा गोचीड रक्त पीत आहेत. मलूल मादीची हिरडी आजच बघा आणि फिकी दिसली तर उद्यावर ढकलू नका.

दोघांना पूर्ण १४ दिवस तुमच्या कुत्रीपासून वेगळं ठेवा. पार्व्हो म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा संसर्ग, त्याची लक्षणं बहुधा आठवड्याभरात दिसतात, पण दोन आठवडेही लागू शकतात. बाथरूम सगळ्यात सोयीचं, कारण फरशी धुता येते. आतल्या फिनाइल-अ‍ॅसिडच्या बाटल्या आधी बाहेर काढा. खाली रद्दी, कोपऱ्यात जुनी चादर. त्या खोलीची चप्पल, भांडी, पोछा सगळं वेगळं. रोज आधी तुमच्या कुत्रीचं खाणं-फिरणं उरका, मग पिल्लांकडे जा. उलट क्रम नको.

पार्व्होचा विषाणू जमिनीत, फटींत महिनोन् महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनाइलने मरत नाही. घरगुती ब्लीच लागतं, १ भागाला ३० भाग पाणी, म्हणजे लिटरला साधारण ३० मिली. आधी घाण साबणाने पूर्ण काढायची, मग हे पाणी फरशीवर १० मिनिटं राहू द्यायचं, मग स्वच्छ धुवायचं. घाणीवरच ओतलं तर ब्लीच तिथेच खर्ची पडतं, विषाणू राहतो. फिनाइल किंवा अ‍ॅसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका. फरशी कोरडी झाल्यावरच पिल्लं आत.

खाणं सोडलं, उलटी झाली, पातळ उग्र वासाची किंवा रक्ताची शी झाली, तर त्याच तासाला डॉक्टर. उलट्या चालू असताना सिरिंजने पाणी पाजू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं.

सातारा_रोड
दूध-पोळी नको! गाईम्हशीच्या दुधाने जुलाब होतात आणि मग ते दुधाचे की पार्व्होचे हेच कळत नाही. पिल्लांचं कोरडं खाद्य कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवून मऊ करून द्या. ते नसेल तर काही दिवस गुरगुट्या भात आणि हाडं काढलेलं उकडलेलं चिकन, मीठ-कांदा-लसूण न घालता. दिवसाला चार वेळा, थोडं थोडं. दोघांना वेगळ्या वाट्या, नाहीतर दांडगं पिल्लू सगळं फस्त करतं.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करा आणि लिहून ठेवा. पिल्लाचं वजन वाढतच राहिलं पाहिजे. सलग दोन दिवस घटलं तर बाकी ठीक दिसत असलं तरी दाखवा.

जंताचं औषध वजनावर, दर १५ दिवसांनी, तीन महिन्यांची होईपर्यंत. दिल्यावर शीमधून शेवयांसारखे जंत पडतील, घाबरू नका. लस आजारी पिल्लाला देत नाहीत. तब्येत बरी असेल तर सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीला लागू पडू देत नाही, म्हणून एका डोसवर थांबायचं नाही. रेबीजची तीन महिन्यांनंतर.

आंघोळ आत्ता नको, गार पडतील. कोमट ओल्या फडक्याने पुसा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. पावडरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका, पिल्लं अंग चाटतात.

आणि दुधाचा दात लागला, ओरखडा आला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जा. 'एवढंसं तर आहे' म्हणून सोडू नका.

कोथरूडकर_७
आभार. सुळे आहेत, मागच्या दाढा अर्धवट. मादीची हिरडी खरंच फिकी आहे, आत्ताच नेतोय. ऑफिसमधला एक जण नर मागतोय, फार्महाऊसवर ठेवणार म्हणतो. देऊ का?

अंगणातली_तुळस
फार्महाऊसला माझा स्पष्ट नकार. मालक शनिवार-रविवार येणार, बाकी दिवस कुत्रा साखळीला आणि राखणदाराच्या भरवशावर. राखणदार बदलला की जेवणही बदलतं. जुन्नर-आंबेगावच्या बाजूला असेल तर बिबट्या आहे, बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही.

कुणालाही फोनवर हो म्हणू नका. विचारा: घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी आहे का? दिवसा घरी कोण असतं? मे महिन्यात गावी गेलात तर कुत्रा कुठे? शेवटच्या प्रश्नाला 'बघू' आलं तर थांबा. घरातल्या प्रत्येकाशी बोला. ज्याला कुत्रा नको असतो तो फोनवर कधीच येत नाही. मग घर बघायला जा. बाल्कनीच्या गजांतून पिल्लाचं डोकं जात असेल तर अंगही जातं, जाळी लागल्याशिवाय पिल्लू देऊ नका.

कागदावर दोन अटी हव्यातच. डॉक्टर सांगतील त्या वयात नसबंदी, आणि सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू तुमच्याकडेच परत, तिसऱ्याला नाही. जाहिरातीत 'लसीकरण पूर्ण' लिहू नका, किती डोस झाले आणि पुढचा कधी ते लिहा.

सोपवताना गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) दोन्ही घाला, पट्ट्यावर फोन नंबर. नुसत्या पट्ट्यातून देशी पिल्लू मागे सरकत डोकं सोडवून घेतं. हरवण्याचा धोका सगळ्यात जास्त पहिल्या पंधरवड्यात, डिलिव्हरीवाल्यासाठी उघडलेल्या दारातूनही पिल्लू निसटतं. तुमच्याकडच्या चादरीचा न धुतलेला तुकडा सोबत द्या. तिसऱ्या दिवशी, पंधराव्या दिवशी, महिन्याने फोन करा आणि नसबंदीचा कागद मागून घ्या.

निंबोळी
आईला विसरू नका. ती परत आली तर तिचा कान बघा, निर्बीजीकरण झालेल्या कुत्रीच्या कानाला टोकाशी खाच असते. पिल्लं व्यायली म्हणजे तिला नसणारच. दूध आटल्यावर महापालिकेला किंवा त्यांच्या वतीने काम करणाऱ्या संस्थेला कळवा. २०२३च्या नियमांनुसार शस्त्रक्रियेनंतर तिला पकडलं त्याच जागी आणून सोडावं लागतं, त्यामुळे नेताना पार्किंगचा फोटो आणि पत्ता लिहून द्या. मादीच्या हिरडीचं काय झालं ते इथे लिहा. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर गोचीडतापाचीही (गोचीड चावल्याने होणाऱ्या तापाची) तपासणी करायला सांगा.