विलो की प्यूटर? व्हाइटफ्रायर्सच्या फुलदाणीचा रंग कसा ओळखावा?

हॅरोकर:
आमच्या वील्डस्टोनमध्ये (लंडनचा हॅरो भाग) १९८० पर्यंत व्हाइटफ्रायर्सचा काचकारखाना होता, त्यामुळे तिथली, जेफ्री बॅक्स्टर यांनी रचलेली एक तरी फुलदाणी घरात असावी अशी फार दिवसांची इच्छा आहे. झाडाच्या सालीसारख्या पोताची साडेसात इंची, ९६९० क्रमांकाची फुलदाणी पाहून ठेवली आहे. विक्रेता रंग विलो सांगतो, मला तो छायाचित्रात प्यूटर वाटतो. ६० पौंडांच्या वर जायचे नाही. हे दोन राखाडी कसे वेगळे करावेत?

नारिंगीप्रेमी:
राखाडीच्या भानगडीत पडूच नका. टँजरीन म्हणजे नारिंगी रंगातली ‘बॅन्जो’ ही बॅन्जो वाद्याच्या आकाराची फुलदाणी घ्या. माझ्याकडे आहे आणि घरी येणारा प्रत्येक जण आधी तिच्याविषयीच विचारतो.

शंकेखोर:
बॅन्जोसाठी कित्येक शे पौंड मोजावे लागतात. प्रश्नात ६० लिहिले आहेत.

काचमित्र:
विक्रेत्याकडून दुसरे छायाचित्र मागवा: फुलदाणी पांढऱ्या कागदावर, दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ, आणि चौकटीत कागदाचा मोकळा भागही दिसला पाहिजे. तो कागदच पिवळसर दिसत असेल, तर काचेच्या छटेविषयी काहीही ठरवू नका. तळाशी काच जाड असल्यामुळे तिथे रंग नेहमीच गडद भासतो, म्हणून दोन फुलदाण्यांची तुलना काठाशी, सारख्या जाडीवर करावी. माझ्या पाहण्यातले प्यूटर सरळ पोलादी राखाडी आहे, तर विलोत कधी हिरवट, कधी जांभळट झाक येते आणि ती नगागणिक बदलते. त्यामुळे एकाच नमुन्यावरून निकाल देणे धोक्याचे आहे.

जुनाबाजार:
अतिनील टॉर्च घ्या, सगळे कळते. मी त्यावरच माझी हिरवी वाटी ओळखली.

शंकेखोर:
त्या टॉर्चने युरेनियमची काच चमकते. दोन राखाडींमध्ये निवड करताना तिचा काय उपयोग?

जुनाबाजार:
टॉर्च स्वस्त असते, एवढेच म्हणायचे होते.

लिलावग्रस्त:
रंगाआधी अस्सलपणा पाहा. मी ‘ड्रंकन ब्रिकलेअर’ (वेड्यावाकड्या रचलेल्या विटांसारखी दिसणारी बॅक्स्टर यांची फुलदाणी) म्हणून घेतलेला नग नकली निघाला, कारण विटांच्या कडा बोथट होत्या आणि रंगाकडे पाहून मी भुललो. कारखान्याच्या नावाची कागदी चिकटपट्टी नसणे हा मात्र नकलीपणाचा पुरावा नव्हे. बहुतेकांच्या चिकटपट्ट्या केव्हाच धुऊन गेल्या आहेत.

पुणेरी संग्राहक:
१९६७ मध्ये खडबडीत पोताची ही मालिका सिनॅमन (तपकिरी), इंडिगो आणि विलो या रंगांत आली. किंगफिशर, टँजरीन आणि मेडो ग्रीन १९६९ मध्ये आले. म्हणून आकाराचा क्रमांक आणि जुने सूचीपत्र शेजारी ठेवावे, म्हणजे त्या आकारात न निघालेले रंग आपोआप गळतात. इंडिगोची छटा फिकट असली तरी तो निळसरच राहतो, हेही लक्षात असू द्या.

काचमित्र:
पांढऱ्या कागदाचे मी आधीच लिहिले आहे, पुन्हा सांगतो. शिवाय आपण हॅरोतच असाल, तर हेडस्टोन मॅनरच्या संग्रहालयात व्हाइटफ्रायर्सची काच प्रत्यक्ष पाहून या.

नारिंगीप्रेमी:
तिथे टँजरीनही पाहा, मग बोलू.

हॅरोकर:
सर्वांचे आभार. नवे छायाचित्र आले, कागद स्वच्छ पांढरा होता, आणि काठाशी हिरवट झाक स्पष्ट दिसली, म्हणजे विक्रेता बरोबर होता. तरीही मी त्याच्याकडची सहा इंची सिनॅमन ४५ पौंडांना घेतली. पत्नीला राखाडी काच धुळकट वाटते.

नारिंगीप्रेमी:
सिनॅमन? टँजरीन थोडीच महाग पडली असती.