खोल समुद्रातला तळट्रॉल: बंदी की सुधारणा?

खारा_वारा:
युरोपीय संघाने २०१६च्या नियमाने आपल्या पाण्यात ८०० मीटरखाली तळ घासत जाणारा ट्रॉल, म्हणजे बोटीने ओढायचं पिशवीसारखं जाळं, बंद केला. हे सगळीकडे व्हायला हवं. ऑरेंज रफी हा खोल पाण्यातला मासा तिशीच्या आसपास वयात येतो, शंभरी सहज ओलांडतो. त्याच जाळ्यात नको असलेले मासेही येतात. हजार मीटरवरून वर येताना दाब साधारण १०१ वातावरणांवरून १ वर उतरतो. ग्रेनेडियर या खोल पाण्यातल्या माशाच्या पोटातली वायूची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येतं, डोळे बाहेर येतात. त्याला परत सोडणं म्हणजे मेलेला मासा फेकणं.

जाळेकर:
बंदी हा आळशी उपाय. कोळंबीच्या ट्रॉलमधली नॉर्डमोर जाळी बघा: शेवटच्या पिशवीआधी साधारण ४५ अंशांत तिरकी बसवलेली गजांची चौकट, गजांमध्ये १९ ते २२ मिमी फट, वर भोक. कोळंबी फटीतून मागे जाते, मासा गजांवरून सरकत भोकातून सुटतो. चौकट फार उभी झाली तर मासे गजांवर चिकटून बसतात, फार आडवी झाली तर कोळंबीच निसटते. आणि ग्रीनलंड शार्कला वायूची पिशवीच नसते. लाँगलाइनला (पुष्कळ गळ लावलेल्या लांब दोराला) लागला तर पाण्यातच ठेवून गळाजवळ दोर कापा, जगू शकतो. दोर शेपटीला गुंडाळला म्हणून शेपूट छाटायची, हे आधी थांबवा.

कर्णाश्म:
शार्कबद्दल मान्य, तो प्रौढ व्हायलाच दीडशेच्या आसपास वर्षं लागतात. पण नॉर्डमोर चालते कारण कोळंबी लहान आणि नको असलेला मासा मोठा. रफीच्या जाळ्यात ही सोय कुठे? जाळ्याची आस (भोकांचा आकार) मोठी केली तर ग्रेनेडियर निसटेल, पण त्याची कातडी सोलवटते, खवले झडतात, आणि तो खाली जाऊन मरतो. नोंद कुठेच नाही.

जाळेकर:
न्यूझीलंडच्या चॅलेंजर पठारावरची (समुद्रतळावरचं पठार) रफीची मासेमारी २००० मध्ये बंद केली, २०१० मध्ये पुन्हा उघडली. म्हणजे साठा सावरतो!

कर्णाश्म:
२०१० मध्ये अंडी घालायला आलेला तिशीचा मासा जन्मला १९८०च्या सुमारास, म्हणजे तिथली मासेमारी जोर धरण्याआधी. उपशानंतर किती पिल्लं जगली, याचा हिशेब त्या थव्यात नव्हताच. आधीही हेच झालं: रफीच्या कानातला खडा (त्यात वाढीची कडी साठतात) अख्खा, वरवर वाचून वय २०-३० धरलं, पकडीचे कोटे त्यावर बेतले. पातळ काप घेऊन कडी मोजल्यावर आकडा शंभरीपार गेला. १९९१ मध्ये शिसं आणि रेडियमच्या किरणोत्सारी प्रमाणानेही तेच दाखवलं.

खारा_वारा:
शून्य कोट्याचंही तसंच. युरोपात पोर्तुगीज डॉगफिश या खोल पाण्यातल्या शार्कचा कोटा २०१० पर्यंत शून्यावर आला, पण जाळं कोटा वाचत नाही. मासा येतोच, फक्त बंदरावर उतरत नाही.

जाळेकर:
मग कॅमेरे बसवा, टाकलेला मासाही कोट्यातून वजा करा. आणि ट्रॉल बंद करून त्याच खोलीवर तळाला लाँगलाइन टाकली तर हेच शार्क गळाला लागणार. त्याचं काय करणार, ते सांगा.