शुल्झची मोठ्ठी डोकी आणि आपलं पाघळणं

रिकामटेकडा: काल इथे शुल्झच्या 'पीनट्स' या अमेरिकन चित्रपट्टीतल्या पोराबद्दल कुणीतरी ठोकून दिलं की 'चार्ली ब्राउन आवडतो तो डोकं मोठं, अंग चिमुकलं म्हणून, बाकी त्यात काही नाही.' डोकंच फिरलं, म्हणून वेगळा धागा. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यासक लोरेन्झ, त्याने १९४३ मध्ये आपण ज्याला पाघळतो त्या बाळसेदार चेहऱ्याची लक्षणं सांगितली, त्यात मोठे डोळे आहेत. चार्लीचे डोळे म्हणजे दोन ठिपके! हात इतके आखूड की डोक्यावर धड पोचत नाहीत. २ ऑक्टोबर १९५० ची पहिलीच पट्टी बघा. कडेला बसलेला पोरगा 'आला आपला चार्ली' म्हणून कौतुक करतो आणि चार्ली पुढे गेल्यावर म्हणतो, मला हा मुळीच आवडत नाही. यात गोंडस काय आहे?

खवचट: तो 'कुणीतरी' मीच, नाव घ्यायला लाजू नका. आता हाच चार्ली मोठ्या माणसासारखा साडेसात डोकी उंचीचा काढा आणि तीच रडगाणी त्याच्या तोंडी घाला. चार दिवस तरी वाचाल का? आणि पट्टी वर्तमानपत्रांना विकली गेली जागा वाचवणारी म्हणून. चार सारख्या चौकटी, हव्या तशा रचा. एवढ्याशा चौकटीत डोकंच मावतं. तुम्ही त्याला तत्त्वज्ञान म्हणा, मी काटकसर म्हणतो.

मीनलताई: गोंडसपणाचा खरा धंदा चार्लीच्या कुत्र्याचा, स्नूपीचा. आधी चार पायांवर चालणारं साधं पिल्लू होतं. दोन पायांवर उभं राहिलं ते थेट दप्तरावर आणि डब्यावर. भाचीला विचारलं, स्नूपी कोण गं? म्हणे, 'टीशर्टवाला कुत्रा.' पट्टी तिने बघितलेलीच नाही! 'कॅल्विन अँड हॉब्स' पट्टी काढणाऱ्या वॉटर्सनने आपल्या कॅल्विनची खेळणी काढू दिली नाहीत, त्याला म्हणतात कलाकार.

बंड्या: ताई, अमेरिकेत गाड्यांच्या मागे मुतणारा कॅल्विन चिकटवलेला असतो, तो कुणी विकला? चोरांनी!

मीनलताई: म्हणून आपणच दुकान थाटायचं?

बंड्या: थाटायचंच! मी दिवाळी अंकांना चित्रं देतो. मानधनाचं विचारलं की 'अहो, छापतोय ना'. वर तेच चित्र माझं नाव कापून गावभर फॉरवर्ड. शुल्झने कमावलं तर पोटात का दुखतं?

मीनलताई: माझ्या पोटात नाही दुखत. तुमचे पैसे बुडवणाऱ्यांवरचा राग माझ्यावर काढू नका.

खवचट: मानधनाचा वेगळा धागा काढा रे.

रिकामटेकडा: मुद्द्यावर येतो. १९८१ मध्ये शुल्झची बायपास झाली, नंतर हात थरथरायचा. त्या काळातल्या पट्ट्यांत चार्लीच्या डोक्याची रेघ थरथरते. माझ्या वडिलांना कंपवात होता, त्यांची सही अशीच उठायची. मला त्याच पट्ट्या जास्त आवडतात. सांगा, हा कुठला बाळसेदारपणा?

खवचट: वडील मध्ये आणलेत की वाद संपला, हे पक्कं ठाऊक आहे तुम्हाला. बरं, त्या रेघेपुरतं मान्य. पण हात थरथरत असतानाही त्याने डोकं तेवढंच मोठं ठेवलं ना?

बंड्या: आणि त्याचे पैसे वेळेवर मिळाले.