आजीचं आयुष्य लिहून काढायचंय, पण प्रत्येकाची आजी वेगळीच निघतेय

बारकी_नात:
आजी गेली त्याला काही महिने झाले. तिची सात मुलं, सुना-जावई, आम्ही नातवंडं आणि आता पतवंडंही, एवढा मोठा गोतावळा. सगळ्यांनी मिळून ठरवलं की आजीचं आयुष्य लिहून काढायचं, म्हणजे ठरवलं सगळ्यांनी आणि काम आलं माझ्या गळ्यात 😅 ग्रुपवर आठवणी पाठवा म्हटलं तर सगळ्यांचं एकच, "खूप प्रेमळ होती, सगळ्यांसाठी झिजली". खरंय, पण हे कुणाच्याही आजीबद्दल लिहिता येईल ना! आणि जिथे जरा तपशील मिळतो तिथे वाद. मोठे काका म्हणतात आई भयंकर कडक, हातसुद्धा उचलायची, धाकटी आत्या म्हणते आईने कधी आवाज चढवला नाही. कुणाचं खरं धरू?

निळी_शाई:
दोघांचंही. सात भावंडांत थोरला आणि शेंडेफळ यांच्यात पंधरा-वीस वर्षांचं अंतर सहज असतं. काकांना मिळाली ती विशीतली आई, कडेवर एक, पायात एक, घरात मोठ्यांचा धाक, तिला रागवायलासुद्धा निवांतपणा नसणार. आत्यापर्यंत येईतो ती चाळिशीला टेकलेली, हाताखाली मोठ्या मुली. त्यामुळे दोघांचं एकत्र करून "कधी कडक कधी प्रेमळ" असलं गुळमुळीत काही लिहू नका, कोण सांगतंय त्याचं नाव घालून दोन्ही तसंच ठेवा.
आणि ग्रुपवर मागितलं की श्रद्धांजलीच येणार हो. एकेकाला गाठा आणि बारीक प्रश्न विचारा. चिडली की काय म्हणायची, स्वतःचे पैसे कुठे ठेवायची, पोरं आजारी पडली तर रात्री कोण जागायचं, दुपारी एकटी असली की काय करायची. आजीची भावंडं असतील कोणी तर आधी तिकडे जा, मुलांना आई फक्त आई झाल्यानंतरची माहीत असते.

जुना_खोका:
वही घेऊन बसू नका, समोरचा तोलूनमापून बोलायला लागतो. विचारून फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि हातात जुना फोटो द्या, "ही मागे उभी कोण" एवढं विचारलं तरी माणूस सुटतो.
छोटे फोटो ६०० डीपीआयला (स्कॅन किती बारीक हवं त्याचं माप, स्कॅनरच्या सेटिंगमध्ये असतं) स्कॅन करा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून टाकलेत की क्वालिटी जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा सगळ्यांना. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो निघत नसेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, बॉलपेन पुढून उमटतं. शेवटी सगळ्याच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी आणि त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी.

बारकी_नात:
बारीक प्रश्नांचं भारीच आहे, लगेच एक आठवलं. मला हाक मारायची असली की आधी दोन आत्या, मग चुलतबहीण आणि मग मी, आणि तोपर्यंत ती कशाला बोलावलं तेच विसरलेली असायची 😂

गप्पिष्ट:
हे नक्की लिहा! आणि ते वयामुळे नसतं बरं का. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१६ साली यावर अभ्यास आलाय. अशा वेळी माणूस वाट्टेल ते नाव घेत नाही, घरच्यांच्या नावांतलंच दुसरं घेतो, मित्राला मित्राचं. घरच्या कुत्र्याचं नावसुद्धा त्या यादीत असतं, त्यामुळे तुम्ही स्वस्तात सुटलात.
सालांच्या मागे फार लागू नका. "कुठल्या साली" विचारलं की लोक अडखळतात, "धाकटीच्या जन्माआधी की नंतर" विचारलं की पटकन सांगतात, आणि एकाची जन्मतारीख कागदावर पक्की असली की बाकीचं आपोआप आगेमागे लागतं.

निळी_शाई:
एक राहिलं, जरा जपून विचारा. तुम्ही सात म्हणताय ती वाढलेली मुलं. त्या पिढीत लहानपणीच गेलेल्या मुलांना पुष्कळ घरांत मोजतच नाहीत. "किती भावंडं" असं न विचारता "तुमच्या आणि तुमच्या पाठच्याच्या मध्ये कोणी होतं का" असं विचारा.

बारकी_नात:
विचारलं. होता. दोन नंबरच्या आत्याला नावसुद्धा आठवतंय, माझ्या बाबांना पत्ताच नव्हता. आता ते नाव लिहायचं की नाही यावर घरात जुंपलीय, काका म्हणतात आईने स्वतः कधी काढलं नाही तर आपण कशाला, आत्या म्हणते म्हणूनच लिही. मी सध्या आत्याचं सगळं रेकॉर्ड करून घेतेय, शनिवारी काका. दोघांना एका खोलीत बसवणार नाहीये एवढं नक्की.